मक्याच्या दाण्यावरचे ठिपके

ज्या घरात दहावीचे मूल आहे, तिथे गुणसूत्राची आकृती वहीत काढलेली असणारच. या गुणसूत्रात असते काय? डीएनएचा अतिशय बारीक धागा. रिळावर दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. माणसाच्या एका पेशीतील 46 गुणसूत्रांचा धागा सरळ करून जोडला, तर सुमारे 2 मीटर भरेल. आणि तो मावतो कुठे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात!

या धाग्यावर जनुके तसबीहच्या मण्यांसारखी ओळीने असतात आणि आपली जागा सोडत नाहीत, असे शास्त्रज्ञ पूर्वी मानत. या समजुतीला धक्का दिला अमेरिकेच्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी. 1940 नंतरच्या दशकात त्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मका पेरून त्याच्या दाण्यांचे रंग तपासत होत्या. काही फिक्या दाण्यांवर जांभळे ठिपके दिसत. हे ठिपके येतात कुठून?

उत्तर असे निघाले. डीएनएचा एक तुकडा रंगाच्या जनुकात जाऊन बसतो, तेव्हा रंग तयार होत नाही. दाणा वाढत असताना काही पेशींतून हा तुकडा निघून जातो आणि त्या पेशींपासून झालेल्या भागात रंग परततो. तोच ठिपका. म्हणजे डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात. 1951 साली त्यांनी हे परिषदेत मांडले, पण फारसे कुणाला पटले नाही. त्यांचे काम मात्र थांबले नाही. पुढे जीवाणूंमध्येही असे तुकडे सापडले आणि 1983 साली, वयाच्या 81व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला माहीत आहे की माणसाच्या डीएनएचाही जवळजवळ निम्मा भाग अशा तुकड्यांपासून आला आहे. त्यातले बहुतेक आता हालचाल करत नाहीत.

आता हा विषय आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत कसा येतो ते पाहा. जीवाणूंमधल्या अशा काही तुकड्यांवर अँटिबायोटिकला न जुमानण्याचे जनुक असते. हा तुकडा गुणसूत्रावरून डीएनएच्या छोट्या कड्यावर, म्हणजे प्लास्मिडवर, उडी मारतो. प्लास्मिड एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते, कधी दुसऱ्या जातीच्या जीवाणूतसुद्धा. आपण विनाकारण अँटिबायोटिक घेतले की साधे जीवाणू मरतात आणि असे चिवट जीवाणू मोकळ्या जागेत वाढतात. मग खरोखर गरज पडते तेव्हा तेच औषध चालत नाही.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. तरीही मागच्या वेळची उरलेली गोळी मुलाला दिली जाते, किंवा शेजारच्या खाला "मला हिनेच बरं वाटलं" म्हणून अर्धी स्ट्रिप प्रेमाने देऊन जातात. त्यांचा मान राखा, चहा पाजा, पण गोळी घेऊ नका. अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिले तरच घ्यायचे, आणि सांगितले तितके, तितके दिवस. मध्येच बंद करावेसे वाटले तर आधी त्यांनाच विचारा.

या महिन्यात एकदा औषधांचा डबा उघडा. उरलेल्या अँटिबायोटिकच्या स्ट्रिप बाजूला काढा आणि त्या का काढल्या, हे मुलांना मक्याच्या दाण्यापासून समजावून सांगा.