विश्लेषण : १३ पैकी १३ सामने जिंकूनही संघ प्लेऑफबाहेर का राहिला?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्लेऑफसाठी कोणत्या संघांची निवड व्हावी, यावरून दर डिसेंबरमध्ये वाद झडतो. प्रत्येक वेळी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या २०२३च्या हंगामाचा दाखला हमखास दिला जातो. तेव्हा हा संघ एकही सामना हरला नव्हता. तरीही राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही. पुढे हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

मुळात निवड करावी का लागते?

आयपीएलमध्ये गुणतक्त्यातील पहिले चार संघ पुढे जातात; तिथे कोणाला मत विचारावे लागत नाही. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर मात्र २०२३ मध्ये १३३ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीतील जेमतेम १२ सामने. खेळच इतका धसमुसळा, की आठवड्यातून एकापेक्षा अधिक सामने शक्य नाहीत. हे संघ वेगवेगळ्या ‘कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटांमध्ये विभागलेले असतात. एका गटातील विजेता दुसऱ्या गटातील विजेत्याशी खेळलेला असेलच असे नाही. म्हणून १३ सदस्यांची समिती क्रमवारी लावते. २०२३ पर्यंत त्यातील पहिले चारच संघ प्लेऑफला जात. प्रमुख कॉन्फरन्स मात्र पाच होत्या. वादाचे बीज या गणितातच होते.

फ्लोरिडा स्टेटचा हंगाम कसा होता?

टालाहासी शहरातील या विद्यापीठाच्या संघाने पहिल्याच सामन्यात एलएसयूला ४५-२४ असे हरवले. क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर, जादा वेळेत ३१-२४ असे नमवले. प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल यांचा संघ आणि क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस दोघेही भरात होते. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते.

१८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामा या तुलनेने दुबळ्या संघाविरुद्ध ट्रॅव्हिसच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. पुढच्या आठवड्यात राखीव क्वार्टरबॅकला घेऊन संघाने फ्लोरिडा विद्यापीठाला २४-१५ असे हरवले. मग तोही जायबंदी झाला. एसीसी या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी क्वार्टरबॅक म्हणून उतरला. आक्रमण अडखळत होते, पण बचावफळीने लुईव्हिलला एकही टचडाऊन करू दिला नाही. सामना १६-६ असा जिंकला. १३ सामने, १३ विजय.

मग समितीने काय केले?

दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरला यादी आली : मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवा. पहिले दोन संघ अपराजित होते. टेक्सास आणि अलाबामा यांनी मात्र प्रत्येकी एक सामना गमावला होता. अलाबामाने आदल्या दिवशी गतविजेत्या जॉर्जियाला हरवले होते. टेक्सासने सप्टेंबरमध्ये अलाबामाला हरवले होते. म्हणजे अलाबामाला घ्यायचे तर टेक्सासला डावलणे कठीण. दोघांनाही घ्यायचे तर कोणाला तरी बाहेर ठेवणे भाग होते. प्रमुख कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची प्लेऑफच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ.

ट्रॅव्हिसविना हा संघ वेगळाच आहे, असे समितीचे म्हणणे होते. समितीच्या लेखी निकषांतच महत्त्वाच्या खेळाडूंची अनुपलब्धता विचारात घेण्याची मुभा आहे. निर्णय नियमबाह्य नव्हता. प्रश्न नियमाचाच आहे. समितीचे काम ‘सर्वोत्तम’ संघ निवडण्याचे आहे; ‘सर्वाधिक पात्र’ संघ निवडण्याचे नाही. पहिल्यासाठी पुढे काय होईल याचा अंदाज बांधावा लागतो, दुसऱ्यासाठी झालेल्या सामन्यांचे निकाल पुरतात. खेळात अंदाजाला निकालापेक्षा अधिक वजन देणे पटण्याजोगे नाही. शिवाय दाखलाही विरोधात जातो. २०१४ मध्ये ओहायो स्टेटने तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकसह प्लेऑफ गाठले आणि विजेतेपदही पटकावले. मात्र त्या क्वार्टरबॅकने निवडीआधीच्या सामन्यात संघाला ५९-० असा विजय मिळवून दिला होता. १६-६ हा विजय तितका डोळे दिपवणारा नव्हता.

माझा पाय हंगामात आधीच मोडला असता, तर संघ केवळ क्वार्टरबॅकवर चालत नाही हे दिसले असते, अशी खंत ट्रॅव्हिसने समाजमाध्यमावर मांडली. प्रक्षेपण करणाऱ्या ईएसपीएनने अलाबामासाठी डाव रचल्याचीही कुजबुज झाली. ती फारशी टिकत नाही. एसीसीचे सामनेही हीच वाहिनी दाखवते.

पुढे संघाचे काय झाले?

३० डिसेंबरच्या ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला. समितीच्या समर्थकांना यात आपल्या म्हणण्याचा पुरावा दिसला. पण त्या दिवशी २०हून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. कोणी व्यावसायिक लीगच्या तयारीत, कोणी दुसऱ्या विद्यापीठाच्या वाटेवर. विजेतेपद पणाला नसलेल्या सामन्यात दुखापतीची जोखीम कोण घेणार? एप्रिल २०२४ मध्ये या संघातील १० जणांची एनएफएलने निवड केली. विद्यापीठाच्या संघाने २०२४च्या हंगामात १२ पैकी दोनच सामने जिंकले. ट्रॅव्हिसला न्यूयॉर्क जेट्सने घेतले, पण दुखापतीने पाठ सोडली नाही. एप्रिल २०२५ मध्ये, एनएफएलच्या साखळीत एकही सामना न खेळता तो निवृत्त झाला.

न्यायालयात नेमके काय मागितले?

२२ डिसेंबर २०२३ रोजी विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने खटला भरला, पण समितीविरुद्ध नाही, तर आपल्याच कॉन्फरन्सविरुद्ध. राग प्लेऑफचा, दुखणे पैशाचे होते. एसईसी आणि बिग टेन या कॉन्फरन्सना प्रक्षेपण हक्कांतून मिळणारी रक्कम खूप मोठी. एसीसीच्या सदस्यांनी मात्र आपले हक्क २०३६ पर्यंत कॉन्फरन्सकडे सोपवलेले. बाहेर पडायचे तर सुमारे ५७ कोटी डॉलर मोजावे लागतील, असा विद्यापीठाचा हिशेब होता. अपराजित राहूनही डावलले जात असेल तर या कॉन्फरन्समध्ये थांबायचे कशाला, हा युक्तिवाद त्यामुळे विद्यापीठाला आयताच मिळाला. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. प्रेक्षकसंख्येनुसार उत्पन्नाची वाटणी ठरली आणि बाहेर पडण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येणार आहे.

आता असे होऊ शकते का?

२०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असतात. त्यातील पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव आहेत. २०२३चा फ्लोरिडा स्टेट या पद्धतीत सहज बसला असता. उरलेल्या सात जागा मात्र समितीच भरते. डिसेंबर २०२५ मध्ये नोट्र डेम आणि मायामी यांचे प्रत्येकी दोन पराभव होते. आठवड्यांमागून आठवडे नोट्र डेम वर होता. शेवटच्या यादीत समितीने मायामीला पसंती दिली, कारण ऑगस्टमध्ये त्यांनी नोट्र डेमला हरवले होते. हे समितीला ऑगस्टपासूनच ठाऊक होते. मायामीने थेट अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. नोट्र डेमने त्या मोसमात कोणताही बोल सामना खेळायला नकार दिला.