ठिगळांची वही

'हा पॅच कोणी टाकला आणि का?' या प्रश्नाला ऑफिसात 'माहीत नाही, पण काढू नका' असं उत्तर मिळालं की समजायचं, या कर्नलचं काही खरं नाही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. तुम्ही तुमच्या बोर्डासाठी केलेला बदल मुख्य झाडात, म्हणजे मेनलाइनमध्ये गेला नसेल, तर तो पॅच म्हणून बाहेर सांभाळायचा. कर्नलचे आतले इंटरफेस कधीही बदलतात. ते स्थिर राहणार नाहीत, हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्टच लिहिलंय. झाडातला कोड बदल करणाराच दुरुस्त करतो. बाहेरचा तुमचा तुम्ही निस्तरा.

म्हणून कट्टर मंडळी म्हणतात, पॅच बाहेर ठेवणं हेच पाप. मला नाही पटत. प्रीएम्प्ट-आरटी बघा. रिअल-टाइम लिनक्सचं हे काम इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर वगैरेंनी २००४-०५ च्या सुमारास हाती घेतलं आणि त्याचा मुख्य भाग मेनलाइनमध्ये पोचला २०२४ साली, ६.१२ आवृत्तीत. वीस वर्षं! पण तो गठ्ठा नुसता पडून नव्हता. तो नव्यानव्या कर्नलवर चढवला जायचा, आणि त्यातले तुकडे सुटे होऊन आत जायचे. प्रायॉरिटी इनहेरिटन्सवाले म्युटेक्स २००६ मध्ये, थ्रेडेड इंटरप्ट २००९ मध्ये. शेवटी गाडी अडली कुठे, तर प्रिंट-केवर. मेसेज छापणाऱ्या फंक्शनवर!

याउलट आधीच्या एका कंपनीत (नाव कशाला घ्या) मी ४.९ वर बसलेले दोनशेच्या वर पॅच पाहिलेत. कमिट मेसेज काय, तर 'फिक्स', 'फायनल फिक्स', 'अर्जंट कस्टमर'. त्यातले कित्येक दोष मेनलाइनमध्ये वेगळ्या पद्धतीने केव्हाच सुटले होते, पण कोड जुळत नसल्यामुळे गिटला ते ओळखता येत नव्हतं. माणसानेच एकेक वाचायचा. ४.९ चा सपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये संपला, तरी माल त्याच कर्नलवर विकला जात होता. सिक्युरिटीचे फिक्स येणं बंद, आणि ग्राहकाला पत्ता नाही. मला राग येतो तो याचा.

उपाय काही भारी नाही. अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये कमिटच्या शीर्षकातच 'अपस्ट्रीम', 'बॅकपोर्ट', 'अँड्रॉइड' असा शिक्का असतो. योक्टोमध्ये प्रत्येक पॅचवर 'अपस्ट्रीम-स्टेटस' लिहावं लागतं: पाठवलाय, नाकारलाय, की पाठवण्यासारखाच नाही. एवढी एक ओळ असली तरी पुढच्या रीबेसला अर्धी डोकेदुखी कमी होते, कारण काय फेकायचं ते कळतं. माझं तर म्हणणं, कारण आणि स्टेटस नसलेला पॅच रिव्ह्यूलाच घेऊ नये. मग तो कितीही 'अर्जंट' असो.

खरी अडचण पुढे आहे. मेनलाइनला पॅच पाठवायचा म्हणजे मेंटेनरचे शेरे, दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती, असं महिनोन्‌महिने चालतं, आणि हा वेळ कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतो. म्हणजे तो कोणाच्या तरी शनिवार-रविवारातून जातो. सध्याच्या टीममध्ये आम्ही यासाठी शुक्रवारची दुपार मागितली. मॅनेजर हो म्हणाले, वर विचारलं, "हे तास कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचे?" त्यावर मीटिंग ठरली आहे.