दगडातला वाघ्या, माळावरचा कारवानी

महाड तालुक्यातली शिवथरघळ पाहिलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी बहुधा रायगड गाठतो आणि शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ, त्यांचा मानल्या जाणाऱ्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याचा फोटो काढतो. १९३६ साली उभारलेला हा पुतळा २०१२ मध्ये हटवला गेला, पुन्हा बसवला गेला. वाघ्या खरा की दंतकथा, यावर आपण हमरीतुमरीवर येतो. तो वाद इतिहासकारांनी खुशाल घालावा. लातूर, सोलापूर, जतच्या माळावरचा जिवंत कारवानी कुत्रा मात्र विरळ होत चाललाय, आणि त्याच्यासाठी कुणाचा आवाज चढत नाही.

लांब चिंचोळं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा हा प्राणी भरधाव पळताना एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून उचलतो. खातो काय? भाकरी आणि दूध-ताक! अरबस्तान, इराण, अफगाणिस्तानाकडून आलेल्या काफिल्यांबरोबर त्याचे पूर्वज इथे आले असं मानतात. काफिला म्हणजेच कारवान. लांब केसांच्या भावंडाला पश्मी म्हणतात, फारसीत पश्म म्हणजे लोकर. त्याच्याही आधी माणूस-कुत्र्याची सोबत या मातीत होतीच. प्रवराकाठी दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या काशाच्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. त्याची जात कोण सांगणार? पण धन्यापुढे उभं राहायची त्याची ऐट ओळखीची वाटते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. कारवानीचं कामही त्याबरोबर गेलं. आता शर्यतीच्या हव्यासापायी त्यात ग्रेहाउंडचं रक्त मिसळतात. दोन-तीन पिढ्यांत उरतं ते नुसतं नाव. शेजारी कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूरला श्वान संशोधन केंद्र काढलं. मुधोळ संस्थान घोरपड्यांचं, म्हणजे मराठी घराण्याचंच. तिथल्या मुधोळ हाउंडवर, म्हणजे कारवानीच्याच जातभाईवर, २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढे तो लष्करातही गेला. आणि आपण?

महाड-पोलादपूरकरांनो, हौसेपोटी कारवानीचं पिल्लू इथे आणू नका. त्याला मोकळा माळ लागतो. आपली दाट रानं आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला मानवणार नाही. त्यापेक्षा लातूर-सोलापूरकडच्या सोयऱ्यांना फोन लावा. दारात कारवानी असेल तर संकर करू नका म्हणावं, लसी वेळेवर द्या, प्रत्येक विणीला पिल्लांचे आई-बाप वहीत लिहून ठेवा, केनेल क्लबकडे नोंद करा. ससे धरायला मात्र सोडू नका, तो गुन्हा आहे. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाला आणि आपल्या आमदारांना पत्र लिहा: गावोगाव फिरून शुद्ध जोड्यांची मोजदाद करा, मूळ रक्त असलेल्या घरांना पिल्लं वाढवायला मदत द्या.

येत्या ६ जूनला राज्याभिषेकासाठी गडावर जाल, तेव्हा त्या पत्राची एक प्रत खिशात असू द्या. वाघ्यापाशी गर्दी असतेच. तिथेच सह्या घ्या.