मंगळावर कॅमेरामन नव्हता

माहितीपटात जे दिसते ते घडताना तिथे कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे होते, असे आपण प्रेक्षक गृहीत धरून चालतो. २००६ साली आलेला ‘रोव्हिंग मार्स’ हा आयमॅक्स माहितीपट पाहताना मात्र हा हिशेब चुकतो. जॉर्ज बटलर यांचा हा सुमारे चाळीस मिनिटांचा चित्रपट ‘नासा’ने मंगळावर पाठवलेल्या ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दोन सहाचाकी, सौरऊर्जेवर चालणाऱ्या रोव्हरांची कथा सांगतो. संगीत फिलिप ग्लास यांचे. चित्रपट मला आवडला, हे आधीच सांगतो. तरी एक तक्रार आहे.

यान मंगळाच्या वातावरणात शिरते, पॅराशूट उघडते, हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेले यान जमिनीवर आपटून चेंडूसारखे उसळत जाते. पाहताना छातीत धडधडते. पण हे चित्रित केले कुणी? कोणीच नाही. ही दृश्ये डॅन मास या तरुणाने संगणकावर घडवलेली आहेत. मोहिमेच्या तांत्रिक माहितीला धरून ती केली आहेत, त्यामुळे त्यांना खोटी म्हणता येणार नाही. पण ती छायाचित्रेही नव्हेत. माझे म्हणणे एवढेच, की अशा दृश्याच्या कोपऱ्यात ‘संगणकचित्र’ हा एक शब्द कायम असावा.

त्याने रसभंग होईल, असे कोणी म्हणेल. थोडासा होईलही. पण न सांगण्याची किंमत त्याहून मोठी आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरत होते तेव्हा थेट प्रक्षेपणात संगणकावरचे चित्र दिसत होते. माझ्या ओळखीतल्या काहींना तो चंद्रावरचा व्हिडिओच वाटला. पुढे तसे नाही हे कळले, की हीच माणसे ‘सगळेच बनावट असते’ म्हणायला मोकळी होतात. मग खऱ्या फोटोवरही विश्वास उरत नाही.

आणि खरे फोटो काही कमी नाहीत! ऑपॉर्च्युनिटीला मेरिडियानीच्या मैदानावर पाठवले, कारण तिथे हेमाटाइट असल्याचे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने आधीच टिपले होते. हेमाटाइट आपल्याला परके नाही. डिचोली-सांग्याच्या खाणींतून बार्जमध्ये भरून मुरगाव बंदराकडे गेले ते लोहखनिज मुख्यतः हेच. हे खनिज बरेचदा पाण्याच्या सान्निध्यात तयार होते, म्हणून शास्त्रज्ञांना त्याची ओढ. २५ जानेवारी २००४ रोजी रोव्हर घरंगळत नेमका एका छोट्या विवरात जाऊन थांबला. समोर थरांचा खडक होता, मातीत हेमाटाइटच्या मिरीएवढ्या गोळ्या विखुरलेल्या होत्या. इथे कधीकाळी पाणी होते, याचा पुरावा त्यातूनच मिळाला. हे फोटो त्या यंत्राने स्वतः काढून पाठवले. ते पाहून नियंत्रण कक्षातल्या माणसांचे चेहरे कसे उजळले, ते चित्रपटात आहे. त्याआधी पॅराशूटच्या चाचण्या फसतात तेव्हाचे उतरलेले चेहरेही आहेत. हा भाग शंभर नंबरी माहितीपट.

नव्वद मंगळदिवसांसाठी बनवलेल्या या रोव्हरांपैकी स्पिरिट २०१० पर्यंत बोलत राहिला. ऑपॉर्च्युनिटी पंचेचाळीस किलोमीटर चालला आणि जून २०१८ मध्ये धुळीच्या वादळात गप्प झाला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ने मात्र स्वतःच्या उतरणीचे खरे चित्रण पाठवले. पॅराशूट फुलताना दिसते, खालची धूळ उडताना दिसते. मासच्या दृश्यांइतकी त्यात सफाई नाही, संगीत नाही. तरीही मी ते पुन्हा पुन्हा पाहतो, कारण तिथे खरोखरच कॅमेरा होता.