डेडस्टॉकमधला सेल

गेल्या महिन्यात शेवगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या शाळेत गेलो होतो. कोपऱ्यात पाच संगणक, प्रत्येकावर खडूची फुली.

"यांचं निर्लेखन करायचंय सर. मदरबोर्ड गेलेत."

"सुरू केल्यावर काय होतं?"

"सीमॉस असं काहीतरी येतं, एफ-वन दाबा म्हणतं. तारीख रोज २००९ची."

मी कपाळाला हात लावला. मंडळी, या रोगाची मला चांगली ओळख आहे!

संगणक बंद असतानाही त्याच्या पोटात एक घड्याळ चालू असतं. ते चालतं एका चपट्या सेलवर. नाव सीआर२०३२, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. मापच नावात लिहिलंय, हे मला फार आवडलं. १९८४च्या आयबीएमच्या पीसी-एटीपासून ही व्यवस्था आहे. तारीख, वेळ, आधी कोणती डिस्क वाचायची, ही सगळी याद त्या सेलच्या भरवशावर. (नव्या यंत्रांत सेटिंग्ज बहुधा वेगळ्या चिपमध्ये असतात, घड्याळ मात्र सेलवरच.) सेल संपला की यंत्र रोज सकाळी जन्मल्यासारखं उठतं. तारीख चुकली की इंटरनेटही रुसतं, कारण सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि ती संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतात.

आता माझी कहाणी. २०१६च्या पावसाळ्यात आमच्या यंत्रावर निळा पडदा आला. नगरला दुकानात नेलं. "विंडोज उडालंय काका, फॉरमॅट मारावं लागेल." मी मान डोलावली. त्यात आत्याबाईंच्या तोंडून उतरवून घेतलेल्या दोनेकशे जात्यावरच्या ओव्या होत्या. दुसरीकडे कुठे प्रत नव्हती. आत्याबाई त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

दोन महिन्यांत तोच निळा पडदा पुन्हा. या वेळी पुण्याहून आलेल्या पुतणीने बघितलं. आमचं विंडोज आयडीई पद्धतीवर बसवलेलं होतं. सेल संपल्यामुळे सेटिंग पुसून एएचसीआय होत होतं, म्हणून विंडोजला डिस्क सापडत नव्हती. तिने सेटिंग परत बदललं, चाळीस रुपयांचा सेल घातला, झालं. म्हणजे पहिल्या वेळीही ओव्या जागच्या जागी होत्या. त्या आम्ही स्वतः पुसल्या.

दुकानदाराला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो, पण पुतणीने आणखी एक सांगितलं. प्लग चालू असला की घड्याळाला विजेच्या तारेतूनच पुरवठा होतो, सेल वाचतो. मी रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करणार. भारनियमनाच्या काळातली सवय! त्या काटकसरीनेच सेल लवकर संपवला. अर्थात बटण मी अजूनही बंद करतो, फक्त चार-पाच वर्षांनी सेल बदलतो.

माझं म्हणणं एवढंच, की तारीख मागे जाते म्हटल्यावर आधी सेल, मग बाकीचं. फॉरमॅट अगदी शेवटी आणि तेही प्रत काढून. आणि हे आठवीच्या पोरांना शिकवा ना! सायकलची चेन बसवणाऱ्या पोराला हे जड नाही. प्लग काढायचा, सेटिंगच्या पडद्यांचे फोटो आधीच मोबाइलवर काढून ठेवायचे, अक्षरांची बाजू वर ठेवून सेल बसवायचा. जुना सेल लहान मुलांच्या हाती मात्र लागू द्यायचा नाही, गिळला तर जिवावर बेततं. आमच्याकडे संगणकाचा तास म्हणजे झाकण न उघडता चित्रं रंगवणं, यंत्राला हात लावायची चोरी.

असो. गेल्या शनिवारी पाच सेल घेऊन त्या शाळेत गेलो. तीन यंत्रं तारीख धरून बसली. एकाचा मदरबोर्ड खरोखरच गेलेला निघाला. पाचव्यात उंदराचं घर होतं, त्यात सेल घालायला जागाच नव्हती. तिन्हींवरच्या फुल्या पोरांनी ओल्या फडक्याने पुसल्या, पण रजिस्टरातली नोंद खोडायला वरून परवानगी लागते म्हणे.