अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा तारा

आमच्या नाशिकचा कुंभमेळा भरतो तो गुरू सिंह राशीत आल्यावर. मला मात्र आज कुंभ राशीतल्याच एका ताऱ्याबद्दल लिहायचे आहे. त्याचे नाव सी. वाय. ॲक्वेरी. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो रूपविकारी असल्याचे १९३४ साली लक्षात आले. दर ८८ मिनिटांनी तो फुगतो आणि आकसतो. म्हणजे हिंदी सिनेमाचे मध्यंतर होईपर्यंत याचा एक फेरा पुरा! तेज झपाट्याने वाढून जवळजवळ दुप्पट होते, मग सावकाश उतरते.

एवढ्या लांबच्या ताऱ्याची मापे घ्यायची कशी? नारोशंकराची घंटा आठवा. न तोलताही नादावरून ती मोठी आहे हे कळतेच ना? ताऱ्याचेही तसेच. विरळ ताऱ्याचा ठोका संथ, घट्ट ताऱ्याचा जलद. आवर्तकालावरून सरासरी घनतेचा अंदाज येतो. रंगावरून तापमान कळते. वर्णपटातल्या रेषा सरकतात त्यावरून पृष्ठभाग किती वेगाने आत-बाहेर होतो ते समजते, आणि या सगळ्याची सांगड घालून त्रिज्या काढतात. इतक्या अंधूक ताऱ्याचा वर्णपट घ्यायचा तर मोठी दुर्बीण हवी. पुण्याच्या वाटेवर घोडेगावजवळ गिरावलीला आयुकाने २००६ साली उभारली तशी, २ मीटर व्यासाची.

पण आवर्तकालाला एवढे काही लागत नाही. सहा-आठ इंची दुर्बीण, कॅमेरा आणि बिनचूक घड्याळ पुरते. गंमत म्हणजे या ताऱ्याचा आवर्तकालही अगदी स्थिर नाही, तो किंचित बदलत आला आहे. हे कळले कसे? इतकी वर्षे कुणी ना कुणी तेजाच्या शिखराची वेळ टिपून ठेवली म्हणून. टिपायची राहिलेली रात्र पुढे कितीही मोठी दुर्बीण आणली तरी परत मिळत नाही.

म्हणून मला वाटते, शाळांनी हे काम अंगावर घ्यावे. मी मराठीचा मास्तर, पण विज्ञानाच्या प्रयोगवह्या पुष्कळ पाहिल्या. पुस्तकातले उत्तर येईपर्यंत पोरे आकडे खोडत बसतात. इथे उत्तर आधी कुठे छापलेलेच नसते! एका शाळेत हे सुचवले, तर प्रश्न आला, "सर, परीक्षेत किती गुणांना?" शहरातल्या दिव्यांचेही कारण सांगतात. पण हा तारा कॅमेऱ्याला शहरातूनही सापडतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस सरल्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास तो डोक्यावरून जरासा दक्षिणेला असतो. तीन तास जागलात तर दोन शिखरे हाती लागतात.