दारातली गाडी आणि तिचा स्टँड



लोणची-पापड, डाग काढणं, लोकरीचे टाके हे तर नेहमीचंच. या खेपेला मात्र एका भगिनीच्या पत्रामुळे विषय अगदी निराळा घ्यावा लागतो आहे. त्या लिहितात, “आमच्याकडे एक मोटारसायकल आणि एक स्कूटर आहे. दोन्ही जिन्याखालच्या जागेत उभ्या असतात. नात नुकती चालायला लागली आहे आणि सारखी गाड्यांना धरून उभी राहते. मला धास्ती वाटते. आमचे यजमान म्हणतात, स्टँडवर लावलेली गाडी कुठे जाते? खरंच जात नाही का?”

जाते हो, चांगली जाते! आणि गंमत अशी की गाडी लावणारी माणसं दहाच्या ठोक्याला कामावर निघून जातात. घरी राहिलेल्या गाडीच्या आसपास दिवसभर वावरतो आपण आणि मुलं. तेव्हा गाडी चालवता येत नसली तरी स्टँडची माहिती आपल्याला हवीच.

आधी वजनाचा अंदाज घ्या. घरातलं भरलेलं गॅसचं सिलिंडर साधारण तीस किलोचं असतं आणि ते सरकवतानाही आपण कण्हतो. साधी स्कूटर शंभर किलोच्या पुढे असते, म्हणजे साडेतीन सिलिंडरं. बुलेट असेल तर सहाच्या वर! हा सगळा भार त्या लोखंडी पायांवर तोललेला असतो.

स्टँड दोन प्रकारचे. डावीकडचा एकपायी तो साइड स्टँड. त्यावर गाडी डावीकडे कलून उभी राहते. दुसरा मधला, दोन पायांचा. त्याला कोणी डबल स्टँड म्हणतात, कोणी मेन स्टँड. १९७२ साली बजाजची चेतक आली, तेव्हापासून कितीतरी घरांत बायकांनी स्कूटर पाहिली ती या मधल्या स्टँडवरच. आता लोकांना साइड स्टँडची सवय झाली आहे, कारण तो पायाने पुढे ढकलला की झालं. दुकानापुढे पाच मिनिटं थांबायला तो ठीकच. पण रात्रभर किंवा दिवसभर गाडी घरी उभी राहणार असेल आणि घरात लहान मूल असेल, तर मधला स्टँडच लावायचा असा नियम करून टाका. अर्थात खालची जमीन सपाट हवी.

जमिनीचं मात्र फार बघावं लागतं. साइड स्टँडचा पाय जेमतेम दोन बोटं रुंद. शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर प्रश्न नाही. पण मातीचं अंगण, भर घालून नुकतीच दाबलेली जागा, मे महिन्यात दुपारी मऊ पडलेलं डांबर, खालची वाळू निघून गेलेले पेवर ब्लॉक, इथे तो हळूहळू रुततो. आमच्या आळीत एका घरी पावसाळ्यात अंगणात लावलेली मोटारसायकल रात्रीतून आडवी झाली. सकाळी बघतात तर स्टँड चार बोटं चिखलात, आणि गाडी पडलेली नेमकी तिथे, जिथे आदल्या संध्याकाळी मुली भातुकली मांडून बसल्या होत्या. उपाय अगदी साधा आहे. फरशीचा एक वीतभर तुकडा किंवा जाड फळकूट त्या जागी कायमचं ठेवून द्या आणि स्टँडचा पाय त्यावर टेकवायला सांगा. माती ओली असेल तर मधल्या स्टँडखालीसुद्धा अशी फळी हवी.

उताराचं गणितही समजून घ्या. दोन्ही स्टँड मागच्या बाजूला दुमडतात. गाडी पुढे सरकली की स्टँड मिटतो आणि गाडी पडते. म्हणून पार्किंगला उतार असेल तर गाडीचं तोंड चढाकडे करून लावावी, उताराकडे कधीच नाही. मोटारसायकल साइड स्टँडवर असेल तर बंद करून पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे चाक फिरत नाही. बिनगिअरच्या स्कूटरला ही सोय नसते. काहींना मागचा ब्रेक अडकवून ठेवायची खिटी असते, ती वापरा. साइड स्टँडवर हँडल डावीकडे वळवून कुलूप लावलं की गाडी जास्त स्थिर राहते आणि चोरालाही आळा बसतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगते. मधल्या स्टँडवर गाडी असली की मागचं चाक जमिनीपासून अधांतरी असतं. त्यामुळे गाडी पक्की आहे असं वाटतं. पण किल्ली लावलेली, इंजिन चालू, आणि आईला टाटा करायला आलेल्या पोराने उजवी मूठ पिळली, तर बिनगिअरच्या स्कूटरचं मागचं चाक गरगर फिरू लागतं. त्याच क्षणी धक्का लागून गाडी स्टँडवरून उतरली, तर ते फिरतं चाक जमिनीला टेकताक्षणी गाडी सुसाट पुढे जाते. समोर भिंत असेल, जिना असेल, नाहीतर आजी बसलेली असेल! म्हणून गाडी स्टँडवरून काढताना चाक थांबलेलं हवं आणि बिनगिअरच्या स्कूटरचा डावीकडचा, म्हणजे मागचा ब्रेक दाबलेला हवा. आणि ‘आलेच मी’ म्हणून डबा आणायला आत जातानासुद्धा किल्ली काढून घ्यायची. विजेवरच्या स्कूटरला तर ही काळजी दुप्पट, कारण ती चालू आहे हे आवाजावरून कळतच नाही.

चेन पुसायची एक वाईट सवय पुष्कळ घरांत आहे. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, आणि फिरत्या चेनला हे फडकं लावून बसलेले. फडक्याबरोबर बोटं दातेरी चक्रात ओढली जायला निमिषभरही लागत नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि एका हाताने चाक थोडं थोडं फिरवून थांबवायचं, मग पुसायचं. यजमानांना गोडीत सांगा, नाही ऐकलं तर किल्ली लपवा!

ज्या भगिनी स्वतः स्कूटर चालवतात त्यांची तक्रार असते की मधला स्टँड लावायला ताकद लागते. खरं तर ताकद नव्हे, युक्ती लागते. पायात घट्ट चप्पल किंवा बूट हवेत, सपाता नकोत. पदर खोचून घ्या, ओढणी असेल तर गाठ मारा. गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या राहा, डावा हात हँडलवर, उजवा हात सीटमागच्या दांडीवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकल्याचं जाणवेपर्यंत गाडी किंचित हलवून बघा. इथेच बहुतेकजणींची घाई होते. एकच पाय टेकलेला असला की कितीही ओढा, गाडी चढायची नाही. दोन्ही टेकले की सगळा भार स्टँडच्या पायटीवर द्या. गाडी आपोआप मागे जाऊन वर बसते, हात नुसते दिशा देतात. कमरेने उचलू नका. दोन-चार वेळा कोणाला तरी पलीकडे उभं करून सराव केला की जमतं.

आणि गाडी हातून निसटलीच तर? सोडून द्या. आपला स्वभाव असा की दुधाचं पातेलं कलंडलं तरी हात पुढे जातो. पण शंभर किलोला हात घालून पाठ आणि मनगट दोन्ही जायची. मागे सरा, मुलांना मागे ओढा, पडू दे. आरसा फुटेल, ब्रेकचा दांडा वाकेल, ते दुरुस्त होतं. मग आधी किल्ली बंद करा, पेट्रोल सांडलंय का पाहा, जवळ तुळशीपाशी दिवा असेल तर शांत करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडेल. उचलताना गाडीकडे पाठ करून सीटला टेका, गुडघे वाकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. जड मोटारसायकल असेल तर हाका मारून दोघांना बोलवा, त्यात कमीपणा नाही.

सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. म्हणून जागा असेल तर गाडीची उजवी बाजू भिंतीकडे करावी. चटका बसलाच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या काही मोटारसायकलींना मधला स्टँडच नसतो. मग ते मागचं चाक उचलणारा वेगळा स्टँड मागवतात, त्याला पॅडॉक स्टँड म्हणतात. चीज वाईट नाही, पण एकट्याने लावायची नाही. एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने लावायचा, आणि साइड स्टँड उघडाच ठेवायचा. पुढचं चाक उचलायचा स्टँड असेल तर तो मागचा लावल्यावरच. गाडी अशी उचललेली असताना त्या खोलीला कडी घाला. लहान मुलांना तिथे काहीच काम नाही.

स्टँड उघडा ठेवून निघालेल्या बाईला रस्त्यावर अनोळखी माणूसही “ताई, स्टँड! स्टँड!” म्हणून ओरडून सांगतो. डावीकडे वळताना तो रस्त्याला आपटला की गाडी उलटते. अलीकडच्या बऱ्याच गाड्या साइड स्टँड उघडा असेल तर चालूच होत नाहीत, पण घरातल्या जुन्या गाडीला ही सोय बहुधा नसते. तिथे सगळी भिस्त स्प्रिंगवर. स्टँड पायाने वर ढकलून पाहा. ‘टक्’ असा आवाज करून जागेवर बसला पाहिजे आणि तिथेच राहिला पाहिजे. लोंबकळत असेल तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा बोल्ट झिजला आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना मेकॅनिकला दोन्ही स्टँडच्या स्प्रिंगा बघायला आणि बोल्टला ग्रीस लावायला सांगा. आपण सांगितल्याशिवाय ते काम बहुधा राहूनच जातं.